वसईच्या किनाऱ्यावरून मृगाचे छायाचित्र

जूनच्या ७-८ तारखेला ‘मृग लागला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा आकाशातला मृग आपल्याला दिसत नाही. सूर्य त्याच भागात असल्यामुळे तो दिवसा उगवतो व दिवसाच मावळतो. रात्री मृग पाहायचा तो हिवाळ्यात. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, भोवती चार पायांचा चौकोन, त्यांतला तांबूस काक्षी व निळसर पांढरा राजन्य, एवढी ओळख बहुतेकांना असते. बाणाच्या दक्षिणेस तीन फिकट ठिपके आहेत. त्यांतला मधला ठिपका म्हणजे सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ. नवे तारे तेथे जन्मास येत आहेत.

डोळ्याला तो करडा दिसतो, छायाचित्रात गुलाबी. मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत आणि आलेला प्रकाश तो साठवून ठेवीत नाही, कॅमेरा ठेवतो. गुलाबी छटा मुख्यतः हायड्रोजनची. याच तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा पुण्याच्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तपासली व १८९१ मध्ये ती रेखीव असल्याचे कळवले. ती मॅग्नेशियमची आहे हे लॉकयर यांचे मत त्यामुळे डळमळले. ती आयनित ऑक्सिजनची आहे हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले.

मग शटर तासभर उघडे का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते आणि मृग विषुववृत्तावर असल्याने हा वेग त्याला पुरेपूर लागू पडतो. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे ताऱ्याची प्रतिमा सेकंदाला सुमारे ०·००३६ मिलिमीटर सरकते. ८ सेकंदांत हे अंतर ०·०२९ मिलिमीटर होते व ठिपक्याची रेघ होऊ लागते. म्हणून ट्रायपॉडवर ४ सेकंदांची १०० छायाचित्रे घ्यावीत व संगणकावर ती जुळवून एकत्र करावीत. प्रकाश १०० पट जमतो, ‘खरखर’ मात्र १० पटच वाढते. म्हणजे चित्र १० पट स्वच्छ होते.

आता वसईकरांची खरी अडचण. डिसेंबरात संध्याकाळी मृग पूर्वेला उगवतो, म्हणजे नेमका वसई, नालासोपारा, विरारच्या दिव्यांच्या डोक्यावर. आकाश चौपट उजळ असेल तर तितक्याच स्वच्छ चित्रासाठी चौपट छायाचित्रे लागतात. १०० ऐवजी ४००! त्यापेक्षा थांबावे. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास मृग पश्चिमेला, क्षितिज व माथा यांच्या जवळजवळ मधोमध असतो. भुईगावच्या किनाऱ्यावरून त्या दिशेला समुद्रच असतो. (मासेमारीच्या होड्यांचे दिवे चित्रात येऊ देऊ नका.) अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा, व्याधावर नजर ठेवून भिंग हाताने जुळवावे आणि दमट वाऱ्यामुळे ते अधूनमधून तपासावे. सोबत कोणीतरी मोठे माणूस असावे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग. छिद्र लहान करून शटर मुद्दाम २ मिनिटे उघडे ठेवा. बाणाच्या ताऱ्यांच्या रेघा अर्धा अंश, म्हणजे चंद्रबिंबाएवढ्या लांब येतील. तसेच चित्र उत्तरेकडे वळून ध्रुवाचे घ्या आणि दोन्हींतल्या रेघा पट्टीने मोजायला सांगा. ध्रुवाची रेघ इतकी आखूड का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.