झोप येते का, एवढं विचारा

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात मी रुग्णवाहिका चालवतो. केळीचे ट्रक, मजुरांच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं याच रस्त्यानं जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून रावेर तालुक्यातले पंधरा-सोळा मजूर गेले, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. मदतीला धावलेल्यांच्या झोपेचं पुढं काय झालं, याची बातमी होत नाही.

मला मात्र मोठ्या अपघातानं नाही धरलं. केळी कापायला निघालेला एक मजूर मोटारसायकलवरून घसरला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. नंतर गाडी धुताना स्ट्रेचरखाली त्याचा डबा सापडला. झाकण निघालेलं. फडक्यात दोन कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. फडकं भिजलं होतं, आतली भाकरी कोरडीच होती. डबा पोलिसांकडे देऊन घरी आलो, तर ताटात कळण्याचीच भाकरी. न जेवता उठलो. बायकोनं विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

त्या 'काही नाही'त तीन महिने गेले. दचकून उठायचो, पोरावर ओरडायचो. ओळखीच्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू लागलो. एका सकाळी मागं कळा सुरू झालेली बाई होती आणि सावद्याजवळ माझा डोळा लागला. समोरच्या ट्रकनं हॉर्न दिला म्हणून वाचलो. रात्रीची गोळी अजून अंगात होती. त्या बाईची आणि तिच्या बाळाची मी आजही मनातून माफी मागतो.

सोबतचा म्हणाला, "तुले काय झालं रे भो? किती दिवस लपवशील?" त्यानंच १४४१६ लावून दिला. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. समुपदेशकांनी आधी झोप, जेवण, गोळ्या, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार, एवढंच विचारलं. सगळं पहिल्यापासून सांगा, असा आग्रह धरला नाही. पुढं जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. नोकरी जाईल ही धास्ती होती. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, हे तिथं कळलं.

म्हणून रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, कुठंही काम करणाऱ्या भावाबहिणींनो, वाईट प्रसंगानंतर चार-आठ दिवस झोप उडणं, तेच ते डोळ्यांपुढं येणं, हे बहुतेकांना होतं. ते आपोआप ओसरतंही. महिना उलटूनही सुटत नसेल, किंवा त्याआधीच दारू-गोळी लागू लागली, जीव नकोसा झाला, तर थांबू नका. दारूनं झोप लागते असं वाटतं, पण ती तुटक असते. मनाने गोळ्या घेऊ नका. आणि सहकाऱ्याला गराडा घालून 'सांग, काय पाहिलंस' असं उकरू नका.

आम्ही आता गाडी धुतल्यावर चहाला बसतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, झोप येते का. परवा नवा पोरगा "येते" म्हणाला आणि चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. त्याला एकटं सोडलं नाही. मोटारसायकल तिथंच लावून मी त्याच्यासोबत त्याच्या घरापर्यंत चालत गेलो.