लपविल्याने रोग जात नाही

सन 1896 च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढे तपासणीचे अधिकारी बळजबरीने घरांत शिरू लागले, तेव्हा लोकांनी आपले रोगी लपविले, आणि हजारो कुटुंबे शहर सोडून गेली. रोग त्यामुळे थांबला नाही. त्याच शहरात 10 जानेवारी 1897 रोजी डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे.

आज आम्हांस एचआयव्हीविषयी लिहावयाचे आहे. हा रोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो शरीरसंबंधाने, दूषित रक्ताने व सुईने, आणि आईपासून बाळास होतो. लागण झालेला मनुष्य कित्येक वर्षे धडधाकट दिसतो, म्हणून रक्ताची तपासणी केल्यावाचून तो कळत नाही.

"कळून काय उपयोग?" असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत औषध फुकट मिळू लागले, आणि 2017 पासून लागण ठरली की ते सर्वांस देतात. रोग समूळ जात नाही. परंतु नेमाने औषध घेणारा मनुष्य कामधंदा करितो व पुष्कळ वर्षे जगतो. औषधाने विषाणू रक्तात सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधाने तो जोडीदारास लागत नाही. गरोदर स्त्रीस वेळीच औषध मिळाले तर बाळास फारच थोडे भय उरते.

ज्यांचे मुलगे पोटासाठी परळ-लालबागेत राहतात, त्यांस तेथील केईएम रुग्णालयात तपासणी करून घेता येते. गावकऱ्यांसाठी तालुक्याचे सरकारी रुग्णालय आहे. पैसे पडत नाहीत. प्लेगच्या दिवसांतील बळजबरीही नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे तपासणीस संमती लागते, निकाल गुप्त राहतो, आणि या रोगामुळे कोणास अन्यायाने कामावरून काढता येत नाही. नुकताच धोका घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

उपदेशक बंधूंनो, तपासणी म्हणजे पापाची कबुली नव्हे. पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या कित्येक स्त्रियांस पतीकडूनच ही लागण झाली आहे. म्हणून जाणाऱ्यास कारण पुसू नका, आणि कळलेली गोष्ट कोणापाशी बोलू नका. आपण स्वतः प्रथम हात पुढे करावा, म्हणजे मागून येणाऱ्यास लाज वाटणार नाही.

विचारासाठी प्रश्न
1. प्लेगच्या वेळी लोकांनी रोगी का लपविले?
2. आपल्या मंडळीत कोणास तपासणीची भीती वाटत असेल तर ती आमच्या बोलण्यामुळे तर नाही ना?