सिएना एका दिवसात, गुडघे सांभाळून

प्रश्न : फ्लॉरेन्सला मुक्काम आहे. आईला घेऊन एक दिवस सिएनाला जायचंय. तिचे गुडघे दुखतात. ट्रेन बरी की बस? काय पाहावं?

उत्तर : बसनेच जा. सिएनाचं स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची रांग वर नेते, पण तिथूनही बरंच चालावं लागतं. फ्लॉरेन्सची थेट बस जुन्या शहराच्या कडेलाच सोडते. गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली, तर कॅमेरे टिपतात आणि दंड होतो.

सकाळी आधी कॅथेड्रल. तिथली फरशी आवर्जून पाहा : रंगीत संगमरवराचे तुकडे बसवून आणि रेषा कोरून आख्खे प्रसंग चितारलेत. वर्षातला बराच काळ तिचा मोठा भाग झाकलेला असतो, म्हणून तारखा आधी तपासा. बाजूलाच एक उंच, अर्धवट भिंत दिसेल. कॅथेड्रल प्रचंड वाढवायचा बेत होता. 1348च्या प्लेगनंतर तो बारगळला. मला ही भिंत पुऱ्या झालेल्या इमारतीइतकीच मोलाची वाटते.

दुपारी काम्पो चौक. तो शिंपल्यासारखा खोलगट आहे, विटांच्या उतारावर नऊ पट्टे. आईंना वरच्या कडेच्या कॅफेत बसवा. चौकातल्याच मांज्या मनोऱ्याच्या सुमारे 400 पायऱ्या तुम्ही एकटेच चढा. 2 जुलै आणि 16 ऑगस्ट मात्र टाळा. त्या दिवशी इथे पालिओची घोडदौड असते, आणि त्या गर्दीत आईंचे हाल होतील.