आठ दिवस थोमा कुठे होता?

आजचा शास्त्रभाग : योहान २०:२४-२९



आजचा भाग आपल्या चांगला परिचयाचा आहे. थोमा म्हटलं की 'संशयी' हा शब्द आपोआप तोंडात येतो. रविवारच्या शाळेत मीही तेच शिकलो. पण या आठवड्यात वाचताना सव्विसाव्या वचनाशी अडकलो. जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं थोमा सगळ्यांसमोर सांगून मोकळा झाला होता. त्याला आठ दिवस झाले. शिष्य पुन्हा घरात जमले, दारं बंद होती, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता.

म्हणजे तो बंद दाराच्या आत होता! बाकीचे आनंदात, याला काहीच पटलेलं नाही. तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. प्रभू त्याला भेटला तो त्याच घरात.

हे मला का लागलं, ते सांगतो. आमच्या मंडळीत माझा एक मित्र येतो. माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको आमच्या मंडळीतली. तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतो. देव आहे की नाही हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं नाटक मी करणार नाही, हे त्याचं म्हणणं. पण दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन प्रोजेक्टर लावतो, माइक तपासतो, गाणी गातो. कोणाला रक्त लागलं तर पहिला फोन त्याला जातो. मतांगीकाराच्या वेळी मात्र उभा राहतो आणि गप्प असतो. प्रभुभोजन घेत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याला म्हणालो, "अरे, एकदाचं काय ते ठरव. असं किती दिवस अधांतरी राहणार?" आमच्या कामात टिकेट फार दिवस उघडं राहिलं की मला चैन पडत नाही. तसंच मी माणसाशी वागलो. तो काही बोलला नाही. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या. आपल्या पुण्यात १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यामुळे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचा कुमारीपासून जन्म, अशा शिकवणींवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडक वाद घातला. जे मनाला पटत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिया बील यांनी मात्र त्यांचे प्रश्न धीराने ऐकून घेतले.

रमाबाई अज्ञेयवादी नव्हत्या, हे नीट लक्षात घेऊ या. त्यांना देवाविषयी शंका नव्हती. भांडण शिकवणीच्या कलमांशी होतं. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनीच लिहिलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. थोमाचे आठ दिवस, रमाबाईंची आठ वर्षं! त्या काळात मुंबईत शारदा सदन उघडलं, १८९० मध्ये ते पुण्यात आलं. सगळं पटेपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि शेवटपर्यंत त्या मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. वाँटेजमध्ये कोणी त्यांना दार दाखवलं असतं तर?

कोणी म्हणेल, याकोब १:६ मध्ये संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे, त्याचं काय? खरं आहे. पण याकोब बोलतो ते देवाकडे मागणाऱ्या आणि तरी द्विधा असणाऱ्या माणसाविषयी. थोमाने आपली शंका लपवली नाही. शिवाय यहूदाच्या पत्रातलं बाविसावं वचनही वाचा. संशयात असलेल्यांवर दया करायला तिथे सांगितलं आहे. संशय हेच शेवटचं घर, असं मात्र शास्त्र म्हणत नाही. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटलंच आहे. पण थोमाला तिथवर प्रभूने आणलं. इतर शिष्यांच्या वाट्याला एवढंच काम होतं, त्याच्यासाठी जागा ठेवणं.

गेल्या शनिवारी मी मित्राच्या घरी गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मला उत्तर सापडलेलं नाही. सापडेलच असंही नाही." मी म्हणालो, "असू दे. उद्या ये. नाही आलास तरी मी परत चहाला येणार."

रविवारी तो आला. मतांगीकाराला नेहमीसारखा गप्प उभा राहिला. त्याच्या शेजारी मी घडाघडा म्हणत होतो आणि मध्येच थांबलो. त्यातली किती वाक्यं मी विश्वासाने म्हणतो आणि किती सवयीने? तो निदान खोटं तरी बोलत नव्हता.

आज स्वतःला विचारू या : आपल्या मंडळीतला थोमा कोण? मागच्या आठ दिवसांत आपण त्याच्याशी कसे वागलो?

प्रार्थना : प्रभू येशू, दारं बंद असताना तू आत आलास आणि थोमाला त्याच्या नावाने नाही, तर त्याच्याच अटीवर भेटलास. ज्यांना अजून पटलेलं नाही त्यांच्याजवळ बसायला आम्हांला धीर दे. घाई आमची आहे, वेळ तुझी आहे. आणि आमच्या ओठांवरचा विश्वास आमच्या हृदयातही खरा कर. आमेन.