एक लॉगिन, अनेक हात

जुन्या जालन्यातल्या पतसंस्था, शाळा, दवाखान्यांत मी हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. इथल्याच एका संस्थेने मागे मला तातडीने बोलावलं. एका कर्जदाराचं व्याज कुणीतरी परस्पर माफ केलं होतं. सॉफ्टवेअरमधली कामांची नोंद, म्हणजे लॉग, उघडला. तारीख, वेळ सगळं होतं, नाव मात्र ‘अ‍ॅडमिन’. तो पासवर्ड कार्यालयात सगळ्यांनाच पाठ. संशय गेला नव्या लिपिक मुलीवर. “दादा, मी नाही केलं हो,” ती परोपरीने सांगत होती. पण तिला निर्दोष ठरवणारा पुरावा संगणकात नव्हता. तिने नोकरी सोडली.

आपल्याच जालना जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीत, 2022 ते 2024 या काळातल्या अतिवृष्टी अनुदानात बोगस नावं घुसवल्याचं 2025 मध्ये उघड झालं. तलाठी निलंबित झाले, लॉगिनच्या गैरवापराचे आरोप झाले. म्हणून कळकळीने सांगतो, लॉगिन ही सही आहे. ती उसनी देऊ नका.

जितकी माणसं, तितकी खाती उघडा. ‘काउंटर 1’ असलं खातं नको. अधिकार कामापुरतेच द्या: नोंद करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा. अ‍ॅडमिन खात्यावरून रोजचे व्यवहार करू नका. साहेबांचा ओटीपी ऑपरेटर फोनवर विचारून घेत असेल, तर ती पडताळणी नावापुरतीच उरते. साहेब रजेवर असतील, तर बदली माणसाला त्याच्याच नावाने, ठरावीक मुदतीचे अधिकार द्या.

नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करा, पण पुसू नका. त्याच्या जुन्या नोंदींना नाव राहिलं पाहिजे. पासवर्ड लांबलचक ठेवा. तो दर महिन्याला बदलायची सक्ती नको; ती केली, की लोक फक्त शेवटचा आकडा बदलतात. लॉग जपा, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार तो किमान 180 दिवस ठेवावा लागतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा.

“सगळी आपलीच माणसं आहेत, वेगळी खाती कशाला?” असं संचालक विचारतात. आपली आहेत म्हणूनच! उद्या एखाद्यावर नाहक आळ आला, तर त्याच्या बाजूने बोलणारी नोंद हवी. आजच वापरकर्त्यांची यादी काढा. ज्या खात्यापुढे एका माणसाचं नाव लिहिता येत नाही, ते बंद करा.