शिस्तीची किंमत आणि निष्ठेची किंमत



संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला आहे. तो दाखला समोर ठेवून आज आपण मुहम्मद अली या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याच्या जीवनावर थोडा विचार करू. अली आपल्या धर्माचा नव्हता. परंतु सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न सर्व माणसांचा आहे.

अलीचा जन्म १९४२ साली अमेरिकेतील लुईव्हिल शहरात झाला. त्याचे मूळ नाव कॅशियस क्ले. बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीस गेली. चोराला बदडून काढण्याची भाषा करणाऱ्या या मुलाला जो मार्टिन या पोलिसाने आधी लढायला शिकण्याचा सल्ला दिला व स्वतःच्या व्यायामशाळेत घेतले. पुढे वर्षानुवर्षे धावणे, दोरीवरच्या उड्या आणि अखंड सराव. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक व १९६४ साली सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद! त्यानंतर त्याने आपण इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले व नाव बदलले.

शिस्तीची किंमत आपण स्वतः ठरवून मोजतो. समोर पदक दिसत असते. निष्ठेची किंमत मात्र दुसरे ठरवितात आणि तिचा शेवट दिसत नाही.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे सैन्यभरतीसाठी पुकारा झाला, तेव्हा अली पुढे आला नाही. आपला धर्म व्हिएतनाम युद्धात भाग घेण्याची परवानगी देत नाही, असे त्याचे म्हणणे होते. जो लुईस हा आधीचा जगज्जेता दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन सैनिकांसमोर प्रदर्शनीय लढती खेळला होता. तशी सोपी वाट अलीने धरली नाही. देश सोडून पळालाही नाही. त्याचे जेतेपद व लढण्याचे परवाने काढून घेण्यात आले. न्यायालयाने पाच वर्षांचा कारावास व दहा हजार डॉलर्स दंड ठोठावला. अपिलामुळे तो जामिनावर बाहेर राहिला, पण साडेतीन वर्षे एकही लढत नाही. पंचवीस ते अठ्ठावीस हे वय खेळाडूला पुन्हा मिळत नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षे मात्र कोणी परत केली नाहीत.

म्हणून अली सर्वच बाबतींत आदर्श ठरतो काय? नाही. बंदीच्या काळात त्याला मदत करणाऱ्या जो फ्रेझरचा त्याने पुढे जाहीरपणे अपमान केला. ती जखम फ्रेझरने अनेक वर्षे बाळगली. २००१ साली अलीने दिलगिरी व्यक्त केली. एका बाबतीत निष्ठावान असणे म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखण्याचा परवाना नव्हे.

आम्हांला वाटते, खऱ्या निष्ठेची एक साधी कसोटी आहे: तिची किंमत कोण मोजतो? जी निष्ठा केवळ इतरांना मोजायला लावते, तो हट्ट असतो. जी आधी स्वतःच्या पदरचे देते, ती निष्ठा. खोट्या बिलावर सही नाकारणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक असते.

चिंतनासाठी प्रश्न:
१. कोणत्या गोष्टीसाठी आपण स्वतःचे नुकसान सोसायला तयार आहोत?
२. आपल्या आग्रहाची किंमत घरातील दुसरेच कोणी मोजत नाही ना?
३. आपल्याला मदत करणाऱ्या कोणाचा आपण अपमान केला आहे का?