गोधडी : हस्तव्यवसायातून गणिताचा पाठ

जुन्या सुती लुगड्यांचे थर व उरलेली ठिगळे धावदोऱ्याने एकत्र शिवून गोधडी, म्हणजेच वाकळ, तयार होते. शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ केवळ हस्तव्यवसायाचा मानू नये.

एका शाळेत पाचवीच्या मुलांनी १०० × १२० सेंमी. मापाची गोधडी योजिली व २० सेंमी. बाजूचे ३० चौकोन कापले. हिशेब चोख होता. परंतु जोडल्यावर वरचा थर ९० × १०८ सेंमी.च भरला. मुले हिरमुसली. मदतीस बोलाविलेल्या एका आजीबाई हसून म्हणाल्या, "शिवण बी कापड खाती, बाळांनो!" प्रत्येक कडेचे १ सेंमी. कापड शिवणीत गेले होते. चौकोन २२ सेंमी.चे हवे होते. मग एकूण कापड १४,५२० चौ. सेंमी. लागेल व त्यांतील २,५२० शिवणीत जाईल, हे मुलांनी स्वतःच काढले.

पाठ घेताना पुढील दक्षता घ्यावी. कापड आधी धुऊन वाळवावे. जीर्ण तुकडे वगळावेत. थर सरकू नयेत म्हणून प्रथम मोठे कच्चे टाके घालावेत. सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात.

त्या आजीबाईंना अक्षरओळख नव्हती. घरच्या ठिगळांच्या पांघरुणाची लाज वाटणारा त्यांचा नातू त्याच वर्गात होता. पाठ संपल्यावर तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, ही माझी आजी." गणिताइतकेच हे फलही मोलाचे आहे.